बत्तीस उरले होते

माझं कुणी खरं मानलं नाही. दोन वर्षं बोंबलतेय, चूक माझी नाही, चूक माझी नाही. उलट मलाच दगडावर घासलं, माझे पंख बदलले, एकदा तर कोमट पाण्यात बुडवून ठेवलं, जसा काही मलाच ताप भरला होता.

मी डार्ट बोलतेय. टोक पोलादाचं, अंग टंगस्टनचं, शेपटीला प्लास्टिकचे पंख, वजन तेवीस ग्रॅम. भिंतीवरच्या गोल पाटावर फेकतात ती. आम्ही तिघी बहिणी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या एका वर्कशॉपात एकाच सळईतून निघालो. मी तिसरी. पहिल्या दोघी नुसती वाट करतात, शेवट नेहमी माझ्या गळ्यात.

शाळा म्हणाल तर वजाबाकीपुरती. पाचशे एकपासून सुरू करायचं, जेवढे लागतील तेवढे वजा करत शून्यावर यायचं. मेख अशी, की शेवटचा घाव डबलच्या चिंचोळ्या पट्टीतच बसला पाहिजे. सोळाचे डबल बत्तीस. ती पट्टी माझं घर. बत्तीस उरले की लेन मला दोन बोटांत धरायचा आणि मी डोळे मिटून घरी जायचे.

लेन पिकर्सगिल, माझा धनी. यॉर्कशायरचा, घरांवर कौलं बसवणारा. दर शनिवारी पबमध्ये खेळायचा, मग गावाकडून, मग जिल्ह्याकडून. दोन हजार नऊ साली त्यानं कौलं सोडली आणि खेळच धंदा केला. त्याची आई म्हणाली, "दारूच्या गुत्त्यात बाण मारून कुणाचं पोट भरलंय?" भरलं. टीव्हीवर आला. हजारभर माणसं बिअरचे ग्लास उंच धरून त्याच्या नावानं ओरडायची. एकदा त्यानं त्या सालच्या वर्ल्ड चॅम्पियनला पाडलं, शेवटचे बत्तीस माझ्यावर. मला ओठाला लावलं. तोंडाला वास येत होता, तरी मला चाललं.

तेरा साली टोरोंटोला खेळायला आला आणि खांदा धरला. फिजिओथेरपिस्ट होती ॲलिसन, वसईच्या सिरील आणि इझाबेलाची मुलगी, टोरोंटोजवळच्या ग्वेल्फ गावात जन्मलेली. दोन अंगठ्यांनी तिनं तो खांदा असा दाबला की हा सहा फुटी गडी ओरडला. पुढच्या वर्षी लग्न. लेन ग्वेल्फला सिरीलच्याच घरी राहायला आला आणि विमानानं स्पर्धांना जायला लागला. कॅनडाच्या फ्रेंच भागात, लव्हालला, स्पर्धा जिंकलो तेव्हा आकडे फ्रेंचमध्ये पुकारत होते. बत्तीस मला कुठल्याही भाषेत कळतात.

मराठी मी शिकले सिरीलच्या बेसमेंटमध्ये. सिरील कारखान्यात लेथवर तीस वर्षं उभा राहिलेला, आता रिटायर्ड. खाली डार्टचा पाट, लांब टेबल, टीव्ही, आणि शेजारी काळा फळा. फळ्यावर दोन रकाने. पहिल्यात हरणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात 'कुणामुळे'. हरण्याची सिरीलला लाज नव्हती, कारणाशिवाय हरण्याची होती. 'सिरील – लाइट.' 'सिरील – इझाबेलाचा फोन.' 'सिरील – विंडालू जास्त झालं.' घरभर हसायचे. मीही हसले. तेव्हा त्या रकान्याचा राग येत नव्हता.

सोळा सालचा ऑगस्ट. भाऊसाहेबांना एक्क्याऐंशी पुरी झाली. रिटायर्ड सर्जन, गावातल्या सगळ्या मराठी माणसांचे मोठे. सिरील चौऱ्याहत्तर साली कॅनडात उतरला तेव्हा पहिला विंटर त्यांच्याच घरी राहिला होता. हॉल घेतला, एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, पुरणपोळी झाली. मग गंमत म्हणून सामना ठेवला. लेन पाचशे एकपासून, भाऊसाहेब फक्त एक्क्याऐंशीपासून, आणि त्यांना डबलची अट नाही.

म्हातारा काही वाईट खेळत नव्हता. हात थरथरत नव्हता. त्यांचे चार उरले, लेनचे बत्तीस, आणि लेनच्या हातात मी एकटी. सिरील पुढे आला, लेनच्या कानाशी लागला.

"लेन, लिसन. ही इज अवर एल्डर. मोठ्या माणसाला त्याच्या दिवशी हरवायचं नसतं. जस्ट मिस कर ना, बाबा."

आणि एक डोळा मिचकावला.

लेन हसला. "ओके, डॅड."

मी सरळ घरी निघाले होते हो. हातानं ऐन वेळी मला बाजूला ढकललं. डबलच्या पट्टीच्या तारेबाहेर, बोटभर, पाटाच्या काळ्या काठात जाऊन रुतले. सात वर्षांत त्यानं मला चुकवलं होतं पुष्कळदा, पण खोटं कधी फेकलं नव्हतं. हॉल टाळ्यांनी दणाणला. भाऊसाहेबांनी आपले चार काढले, मग स्वतः पाटापाशी जाऊन मला उपसलं आणि लेनच्या तळहातावर ठेवलं. हळू बोलले, "यंग मॅन, हाताला हे शिकवू नकोस. हात विसरत नाही." मी ऐकलं आणि लेननं ऐकलं. पुढच्या जानेवारीत भाऊसाहेब गेले. संपला माझा साक्षीदार.

त्याआधी ऑक्टोबरमध्ये टोरोंटोच्या नॉर्थ यॉर्क भागातल्या एका हॉटेलात निवड स्पर्धा होती. जिंकेल त्याला इंग्लंडच्या मोठ्या स्पर्धेचं तिकीट. फायनल. बत्तीस उरले. लेननं मला उचललं, हात पुढे गेला, मागे आला. पुढे, मागे. बोटं सुटेनात. सोड ना रे, मी ओरडले. कपाळावरून घाम माझ्यावर टपकला. शेवटी मी त्याच्याच बुटावर पडले. समोरच्यानं जिंकून हात मिळवला, तेव्हासुद्धा लेनची दोन बोटं तशीच जुळलेली.

खेळाडूंमध्ये हा रोग माहीत आहे, डार्टायटिस म्हणतात. नाव दिलं की माणसांना वाटतं, कळलं. कशामुळे झाला ते कुणी विचारत नाही.

घरी येऊन सिरीलनं खडू घेतला. 'लेन – डार्ट.' झालं! माझं नाव! मग ते पुसून 'थंडी'. मग 'नवे पंख'. आणि वर्ष सरलं तरी बोटं सुटेनात, तेव्हा एका रविवारी हसत हसत लिहिलं, 'लेन – ॲलिसन.'

ते मात्र पुसलं नाही. हसणं पुसलं गेलं.

"तूच त्याला ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला लावतेस. खांदा जाणार नाय तर काय?"

"डॅडी, खांदा ठीक आहे. आय चेक्ड."

"अगो बाय," इझाबेला म्हणायची, "पुरुषमाणूस एकटा टूरवर फिरतो, तू आपली क्लिनिकमध्ये. मन कसं लागणार त्याचं?"

यॉर्कशायरहून लेनचा भाऊ फोनवर तेच. कॅनडात जाईपर्यंत बरा होता. म्हणजे लग्न होईपर्यंत.

आणि लेन? लेन टेबलाशी बसून भात कालवायचा. दुपारी एकटा खाली यायचा, मला घ्यायचा, सोळावर नेम धरायचा. हात जाम. मग मला म्हणायचा, "सॉरी, लव्ह." मला! त्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जिला सॉरी म्हणायचं ती वरती भांडी घासत होती.

सगळे सांगतात म्हणून ॲलिसनलाही ते खरं वाटायला लागलं. अठरा सालच्या डिसेंबरात तिनं क्लिनिकला राजीनाम्याचं पत्र लिहिलं. बारा वर्षं खपून उभी केलेली जागा सोडायची आणि लेनला घेऊन त्याच्या गावी जायचं. सोमवारी द्यायचं म्हणून ते फळ्याच्या लाकडी चौकटीला टोचून ठेवलं. कशानं टोचलं? माझ्यानं. चार दिवस ते पत्र धरून उभी होते. अशी चीड मला आयुष्यात आली नव्हती.

रविवारी सगळे खाली जेवायला. भाऊसाहेबांच्या मुलीनं, वीणानं, त्यांच्या सोहळ्याचा व्हिडिओ पाठवला होता. इझाबेलानं टीव्हीवर लावला. दिवे, पुरणपोळी, सामना. लेन म्हणाला, "टर्न इट ऑफ." कुणी ऐकलं नाही.

"थांब," ॲलिसन म्हणाली. "मम्मी, मागे घे. परत." तीनदा पाहिलं तिनं. पाच वर्षं तो हात तिच्या हाताखालून गेलेला. "कोपर. तुझं कोपर खाली गेलं. तुझं कधीच जात नाही. यू मिस्ड ऑन पर्पज." मग पडद्याच्या कोपऱ्यात सिरीलचा मिचकावलेला डोळा दिसला. "डॅडी?"

"अरे, गंमत होती! रिस्पेक्ट म्हणून. नाय म्हणाला असता तर मी काय हात धरणार होतो?"

आजवर मीही मनात सिरीललाच शिव्या घालत होते. पण म्हातारा खरं बोलला.

ॲलिसन लेनकडे वळली. "त्या खोट्या थ्रोमुळे हात गेला, हे तुला माहीत होतं?"

"यस."

"दोन वर्षं?"

"मी बोललो असतो तर तुझ्या डॅडना फार लागलं असतं, लव्ह. ही'ज अ गुड मॅन."

"अँड मी?"

टीव्हीवर टाळ्या वाजत होत्या. इझाबेलानं तो बंद केला.

ॲलिसननं मला चौकटीतून उपटलं. पत्र खाली पडलं, तिनं उचलून चार तुकडे केले आणि भाताच्या उष्ट्या ताटात टाकले. सिरील खडू घ्यायला उठला, रडवेला झाला होता. "मी लिहितो माझं नाव. गिव्ह मी."

"तुम्ही बसा, डॅडी. दोन वर्षं तुम्हीच लिहिलंत." तिनं खडू लेनपुढे धरला. "लिही."

हे वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात असा फळा नसेल, पण रकाना असेलच. त्यात बाईचं नाव लिहिण्याआधी जरा खोलीभर नजर फिरवा, भात कालवत गप्प कोण बसलंय ते बघा. मला आता कपाटात टाका, नाहीतर परत फेका. माझं घर मला अजून पाठ आहे. ज्यानं मला ओठाला लावलं त्याच्यावर माझा जीव होता, म्हणून तर माफ करत नाही.

लेन उठला. तळहातानं 'ॲलिसन' पुसलं. ज्या दोन बोटांतून मी दोन वर्षं सुटले नाही, त्याच बोटांत खडू धरून 'कुणामुळे'च्या खाली, मोठ्या अक्षरांत, त्यानं लिहिलं: लेन पिकर्सगिल.