उपासाच्या घरातला कुकर

भुरीबाईसाठी उपास-प्रार्थना ठरली तेव्हा तिच्या सुनेला, शीलाला, बरंच वाटलं होतं. सासूला क्षय झाल्याचं कळल्यापासून तांड्यातली माणसं दारावरून वळून जात. निदान चर्चच्या मंडळीतले दहाजण घरात येऊन बसतील. पण ज्या घरात प्रार्थना, त्या घरात तीन दिवस अन्न शिजत नाही, या रिवाजाची किंमत तिला कळली ती पहिल्या संध्याकाळी. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी भुरीबाईने ओकून टाकली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. गेल्या तीन महिन्यांत एकही गोळी चुकली नव्हती. औषध मध्येच तुटलं तर दुखणं उलटेल, असं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावून ठेवलं होतं.

"याडी, दोन घास खा," शीला सासूला म्हणाली.

"इतकी माणसं माह्यासाठी उपाशी बसली. मी कोण्या तोंडानं खाऊ?"

शीलाने पास्टर बाबुलालला ओसरीत गाठलं. "पास्टरजी, तुम्ही सांगा न तिले."

"बिमार माणसाले उपासाची सक्ती नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगतलं, शीलाबाई. तीच ऐकत नाही. तिचा विश्वास मोठा आहे, तो मी काहून मोडू?"

"मग तुम्ही जेवा. तुम्ही जेवले तर ती जेवते."

"देवापुढं तीन दिवस कबूल केले आपण."

त्याच्यावर धड चिडताही येईना. भुरीबाईच्या तोंडून रक्त पडलं तेव्हा याच माणसाने तिला मोटरसायकलवर बसवून उमरखेडच्या दवाखान्यात नेलं होतं. त्याच्या शर्टावरचा डाग अजून पुरता गेला नव्हता. आता उपासाने त्याचेही ओठ पांढरे पडले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी, आत प्रार्थना चालू असताना, शीलाने गॅस पेटवला आणि कुकरमध्ये मुगाची खिचडी लावली. पहिली शिट्टी झाली तसा बाबुलालचा आवाज अडखळला, मग आणखी चढला. दुसऱ्या शिट्टीला शेजारच्या सत्यभामाबाईंनी एक डोळा उघडला.

"तुरीची हाय का मुगाची?"

"डोळे मीट, सत्यभामा," कोणीतरी कुजबुजलं.

"डोळे मिटून बी वास येतेच न."

हात जोडून बसलेल्या मंडळींच्या मधोमध शीलाने ताटं मांडली. "ज्याले माह्या सासूसाठी काही करायचं असन, त्यानं जेवावं," ती म्हणाली.

मग सत्यभामाबाईंनी ताट ओढलं. त्यांना साखरेचा आजार होता आणि सकाळपासून घेरी येत होती, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्यामागून आणखी दोघी सरकल्या. भुरीबाई त्यांच्याकडे पाहत राहिली, रडवेली झाली, आणि अखेर चार घास खाल्ले. गोळी पोटात टिकली.

बाबुलाल जेवला नाही. दिवस मावळताना त्याने समाप्तीची प्रार्थना केली आणि तिसऱ्या दिवशी आमच्या बहिणीच्या पोटात औषध टिकवलंस म्हणून प्रभूचे आभार मानले. सगळे आमेन म्हणाले. भुरीबाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मागे मोरीवर कुकरचं करपलेलं बूड खरवडणाऱ्या शीलाच्याही तोंडून सवयीने आमेन निघालं. तिचं तिलाच नवल वाटलं आणि रागही आला. तीन दिवसांत तिने एकदाही गुडघे टेकले नव्हते. त्याची टोचणीही मनात होतीच.

मंडळी गेल्यावर बाबुलाल मोरीशी आला. "काही उरलं काय, शीलाबाई?"

तिने झाकून ठेवलेलं ताट पुढे सरकवलं. तो तिथेच पायरीवर बसून घाईघाईने जेवू लागला.

"अजून तीन महिने गोळ्या आहेत, पास्टरजी," ती म्हणाली. "उद्या तिच्यासंगं जेवाले कोण येते?"

बाबुलालचा हात ताटावर थांबला. मग त्याने पुढचा घास घेतला. शीला पुन्हा कुकर घासू लागली.