कुठं उतरलात?

मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, खरखरीत, एका कोपऱ्याला कसर लागलेली. एखादं काम रेंगाळलं की लोक 'भिजत घोंगडं पडलंय' म्हणतात आणि माझ्या सगळ्या जातीला उगाच बट्टा लावतात. म्हणोत बापडे! मी उभ्या आयुष्यात कधी भिजत पडले नाही. मी माणसांखाली अंथरली गेले. पण मित्रांनो, सध्या मी धाराशिवमधल्या एका दोन खोल्यांच्या घरात लोखंडी पेटीत आहे. डांबराच्या गोळ्यांच्या वासानं जीव गुदमरतो. मनात कडू साचलंय, ते तुमच्यापाशी ओकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझी लोकर सोनारीच्या महांतप्पांच्या मेंढरांची. सणगरानं मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ लावली आणि उन्हात ताठ वाळवलं. महांतप्पांनी मला लेकीच्या, कमलबाईच्या लग्नात दिलं. पाठवणीच्या वेळी ते तिला म्हणाले, "पोरी, आपुन जलमभर दुसऱ्याच्या रानात उतरलो. कुणी मेंढरं बसवाया जागा दिली म्हणून जगलो. तवा तुज्या दारात कुणी आलं तर 'कुठं उतरलात' म्हणून इचारू नगंस. आदी अंथर, मग इचार."

कमलबाईचा नवरा धाराशिवला एका शाळेत शिपाई होता. घर ते केवढं, पत्र्याचं, दोन खोल्यांचं! पण जिल्ह्याच्या गावाला माणसाचं काय ना काय काम निघतंच. कुणी दवाखान्यात, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी पोलीस भरतीला पळायला. दारात चप्पल वाजली की कमलबाई मला झटकायची आणि अंथरायची. मग चहा, मग नावगाव. माझ्यावर झोपलेली माणसं सकाळी म्हणायची, "काकू, घोंगडी टोचती खरी, पर झोप झ्याक लागली." मला तेवढ्यावर मूठभर मांस चढायचं.

त्यातलाच एक रणधीर. ढोकीच्या कोंडीरामचा मुलगा. नात्याचा ना गोत्याचा. बाप त्याला आठवीत घेऊन आला आणि दारात उभा राहिला. कमलबाईनं मला अंथरलं, ते पाच वर्षं उचललं नाही. तो माझ्यावर बसून गणितं सोडवायचा. टायफॉइड झाला तेव्हा त्याचा सगळा घाम मी प्यायले. बारावीला जिल्ह्यात नंबर काढून तो निघाला, तेव्हा कमलबाईच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "काकू, माझं घर झालं की पहिल्या पाव्हण्या तुम्ही." पुढं तो इंजिनियर झाला आणि जर्मनीत गेला. दर दिवाळीला फोन यायचा, आणि दर फोनमध्ये "या की काकू, घर तुमचंच हाय." कमलबाई ते गल्लीभर सांगायची.

मग कमलबाईची नात सृष्टी शिकायला जर्मनीतल्या त्याच शहरात गेली. मागच्या वर्षी तिच्या पदवीचा समारंभ ठरला. कमलबाईनं एकच ध्यास घेतला. "तिचं नाव पुकारतील तवा मला तितं बसायचंय. बाकी तुमची जर्मनी मला न्हाय बगायची."

तिच्या लेकानं, सृष्टीच्या बापानं, उत्तरेश्वरनं रजा टाकली. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. परदेशात स्वस्तात राहायचं तर चार महिने आधी जागा धरावी लागते, हे सृष्टीला ठाऊक होतं. तिच्या वसतिगृहात पाहुणा ठेवायला मनाई होती. म्हणून पोरीनं हिंडून हिंडून विद्यापीठाच्या मागंच एका म्हातारीच्या घरातली खोली शोधली. स्वच्छ, चुलीची सोय असलेली, परवडणारी. फोनवर ती आनंदानं सांगत होती आणि इकडं कमलबाईचं तोंड उतरत चाललं होतं.

"आपला मानूस गावात असताना भाड्याच्या खोलीत उतरायचं? रणधीरला काय वाटंल? त्येच्या तोंडाला काळं फासायचं का?"

"आई, तिकडं तसं नसतंय," उत्तरेश्वर म्हणाला.

"मानसं सगळीकडं मानसंच असत्यात. सोड ती खोली."

खोली सोडली आणि येतोय म्हणून रणधीरला कळवलं. मित्रांनो, हसू नका. आमच्याकडं गावात ओळखीचं घर असताना लॉजवर उतरणं म्हणजे त्या घराचा अपमान. हातची खोली सोडायची चूक फक्त आमच्यासारख्यांनाच जमते. आणि खरं सांगू? त्या वेळी मलाही तिचंच पटलं होतं. मला रणधीरसाठी बरोबर घेतलं होतं ना! पोरगं पुन्हा माझ्यावर बसेल, या विचारानं मी विमानात पिशवीत अंग चोरून बसले.

विमानतळावर रणधीर आला नाही. कामात होता म्हणे, पत्ता पाठवला. सृष्टीनं दोघांना बॅगांसकट थेट त्याच्या घरी नेलं. दारात त्यानं कमलबाईला वाकून नमस्कार केला. मला पाहिलं आणि म्हणाला, "अरे वा, ही अजून आहे?" एवढ्यात त्याच्या बायकोला दोन शिंका आल्या. "काकू, ते जरा बाहेर ठेवता का? हिला लोकरीचा त्रास होतो."

मला बाहेर चपलांशेजारी ठेवलं. पाच वर्षांचा घाम प्यायलेली मी, चपलांशेजारी! दार किलकिलं होतं. समोरच एक रिकामी खोली दिसत होती, पलंग घातलेला, वर पांढरी चादर. मी मनात म्हटलं, चला, कमलबाईची सोय झाली, माझं काय, मी जमिनीवरची.

खोटं कशाला बोलू, जेवण चांगलं होतं. वरण-भात, तूप, वर जर्मन केक. रणधीरनं ढोकीच्या आठवणी काढल्या, सगळे हसले. मग हात धुताना त्यानं विचारलं, "बरं काकू, उतरलात कुठं?"

सृष्टी आजीकडं बघत राहिली. उत्तरेश्वरनं मान खाली घातली. दारात तीन बॅगा उभ्या होत्या, मित्रांनो! आता म्हणाल, त्याला कळलं नसेल. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

"हाय की," कमलबाई म्हणाली. "सृष्टीनं बघून ठिवलंय."

"बरं केलंत. इथं आधीच बुक केलेलं बरं. आयत्या वेळी लई महाग पडतं."

'लई' हा शब्द तेवढा त्यानं अजून जपला होता.

स्टेशनच्या बाकावर बसून सृष्टी मोबाइलवर खोल्या शोधू लागली. सोडलेली खोली केव्हाच गेली होती. शहरात कसलंसं मोठं प्रदर्शन भरलेलं, साध्या खोलीलासुद्धा उत्तरेश्वरच्या पगाराला भोक पडेल असा भाव. दोन तास धुंडाळून शेवटी दीड तास लांबच्या एका गावात प्रवाशांचं वसतिगृह मिळालं. बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी, एकेका खोलीत आठ पलंग, खाली-वर.

कमलबाईच्या वाट्याला वरचा पलंग आला. सदुसष्ट वर्षांची बाई, शिडी कशी चढणार? तिनं मुकाट्यानं मला फरशीवर अंथरलं. तेवढ्यात खालच्या पलंगावरची एक मुलगी उठली. बारीक कापलेले केस, पाठीला भली मोठी पिशवी, कुठल्या देशाची कुणास ठाऊक. तिनं आपली चादर ओढून काढली, मला उचलून त्या खालच्या पलंगावर पसरलं, कमलबाईला दंडाला धरून बसवलं आणि स्वतः शिडी चढून वर गेली. एक शब्द नाही. नाव नाही, गाव नाही. महांतप्पांची शिकवण तिला कुणी सांगितली होती?

समारंभ शनिवारी दहाला होता. कमलबाई पाचलाच उठून ठेवणीतलं इरकल नेसली. थंडी होती, म्हणून मला खांद्यावर घेतलं. स्टेशनवर गेलो तर गाडी रद्द. पुढची यायला तास, आणि ती वाटेत आणखी दोन-अडीच तास अडकली. उत्तरेश्वर सारखा घड्याळ बघत होता. कमलबाई माझा काठ मुठीत धरून पिळत होती. आम्ही पोहोचलो तेव्हा माणसं सभागृहातल्या खुर्च्या एकावर एक रचत होती.

सृष्टी पायरीवर उभी होती, काळा झगा घालून.

"पुकारलं का गं नाव?" कमलबाईनं विचारलं.

"पुकारलं, आजी."

"मोठ्यानं?"

"व्हय. लई मोठ्यानं." आणि पोरगी आजीच्या, म्हणजे माझ्याच, कुशीत तोंड खुपसून रडली. रणधीरचं घर तिथून चार स्टेशनांवर होतं. चार!

घरी परत आल्यावर कमलबाईनं मला धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि पेटीत टाकलं. "कुनासाठी अंथरायचं?" एवढंच म्हणाली. मित्रांनो, माझी तक्रार इथंच आहे. ज्यानं दार लावलं तो तिच्या काळजात जाऊन बसला, आणि जिनं पलंग दिला ती मुलगी तिनं त्या वसतिगृहातच सोडून दिली.

या जूनमध्ये, दुपारी, दारात चप्पल वाजली. बेंबळीचे गुंडाप्पा आले होते. बरोबर लेक आरोही, अकरावीला प्रवेश मिळालेला, वसतिगृहाच्या यादीत नाव नाही. मी पेटीतून ऐकत होते. बाहेर पत्र्याची ट्रंक खाली ठेवल्याचा आवाज आला, पाठोपाठ तांदळाचं पोतं टेकवल्यासारखा. माझा धागान् धागा ताठ झाला. आता कडी निघणार, आता मला झटकणार!

कमलबाईनं चहा दिला. पोरीला मार्क विचारले, कौतुक केलं. मग म्हणाली, "बरं, कुठं उतरलात?"

कपबशी खाली टेकल्याचा आवाज आला.

"हाय की, काकू," गुंडाप्पा म्हणाले. "बगून ठिवलंय एक ठिकान."

ट्रंक उचलली गेली. पोरीनं बापाला हळूच विचारलं, "आपण कुठं चाललोय, अप्पा?" अप्पांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.

मित्रांनो, माझा एक कोपरा कसरीनं खाल्लाय, बाकीचीही खाईल. मला धुवा, उन्हात घाला, असलं काही मी तुमच्याकडं मागत नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी घडी करून ठेवलेलं असेल, आणि तुम्हालाही कुणी एखादा रणधीर भेटला असेल. त्याचा राग त्याच्यापाशी राहू द्या. दारात चप्पल वाजली, ट्रंक टेकली, तर आधी अंथरा. कमलबाई त्या दुपारी बराच वेळ माझ्या पेटीवर बसून होती. उठली, पण कडी तिनं काढली नाही.