कोणता गुडघा?

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात सगळे तिला आकडेताई म्हणायचे. डिस्चार्जचा कागद हातात आला, की आजार वाचायचा आणि त्याचा ठरलेला कोड संगणकात टाकायचा, हे तिचं काम. जुने कोड तिला असे तोंडपाठ, की पुस्तक उघडणं तिला कमीपणाचं वाटे. रस्त्यात कुणी लंगडताना दिसलं, तर तिच्या मनात आधी कोड यायचा आणि कीव मागाहून.

आणि आता म्हणे नवी पद्धत येणार. जुन्या पद्धतीत गुडघा दुखतो म्हणजे दुखतो, विषय संपला. नवीला नसत्या चौकशा फार. डावा की उजवा, पहिल्यांदाच आलात की परत, पडलात तर कुठून पडलात. "पेशंटचं लग्न जमवायचंय का?" असं आकडेताई प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. पण शुक्रवारी परीक्षा होती. नापास होईल त्याची रवानगी तळघरात, जुन्या फायली लावायला, असं साहेबांनी सांगितल्यावर मात्र कुणी हसलं नाही.

शिकवायला आलेली चष्मेवाली एकेकाळी आकडेताईच्याच हाताखाली तयार झालेली. सरावाच्या पेपरात तिने वर्गातल्या एकीलाच नापास केलं, आणि ती एकटी म्हणजे आकडेताई.

"ताई, इथे मनगट मोडलंय एवढंच लिहिलंय. तुम्ही उजवं टाकलंत."

"पडताना माणूस उजवाच हात पुढे करतो. जन्म गेला माझा हे बघण्यात."

"पण कागदावर नाही ना तसं. बाजू लिहिलेली नसेल, तर डॉक्टरांना विचारायचं. तुम्ही विचारतच नाही, परस्पर ठरवून मोकळ्या होता."

कालची पोर ती, आणि हे ऐकवते! आकडेताई घरी येईपर्यंत धुसफुसत होती. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. हे एक काम तिला येत होतं, आणि तेच हातातून निसटायला लागलं होतं.

जेवणं उरकल्यावर ती नेहमीसारखी नवऱ्याच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली आणि त्याच्या गुडघ्याला मलम चोळू लागली. कितीतरी वर्षांचा हा रोजचा नेम. नवरा निवृत्त पोस्टमन, बोलायला कंजूष. चोळता चोळता तिला वाटलं, हातासरशी सरावही होऊन जाईल.

"बोला, काय होतंय?"

"गुडघा दुखतो."

"कोणता, तेही विचारायचं असतं आता. डावा, म्हणजे झालं."

नवऱ्याने खाली तिच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "उजवा."

तिचा हात थांबला. तो डाव्यावर होता.

"उजवा? कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"अहो, मग मी इतकी वर्षं हे काय चोळतेय?"

"खुर्ची भिंतीला लागून. उजवीकडे तुला बसायला जागा कुठाय?" तो शांतपणे म्हणाला. "पण डावा बघ कसा ठणठणीत आहे."

"सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं होतं एकदा. तू म्हणालीस, मला कळतं. शिवाय दमूनभागून येऊन घटकाभर शेजारी बसायचीस. कशाला त्यात खोडा घालायचा?"

ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. एवढं साधं आपण विचारलं नाही, याची तिला मनापासून लाज वाटली.

शुक्रवारच्या पेपरात शेवटची फाईल एका म्हाताऱ्याची होती. जिन्यावरून पडला, गुडघ्याला मार. बाजू कुठेच लिहिलेली नव्हती. आकडेताईची बोटं सवयीने निम्मा कोड टाकूनही बसली होती. तिने तो पुसला आणि खाली डॉक्टरांसाठी प्रश्न लिहिला.

चष्मेवालीने तो मोठ्याने वाचला. "कोणता गुडघा? कागदावर नाही. मला ठाऊक नाही." मग पास असा शेरा मारून ती हसली. "ताई, शेवटचं वाक्य नसतं लिहिलं तरी चाललं असतं."

"नसतं चाललं," आकडेताई म्हणाली.

घरी आल्यावर पर्स खांद्यावरून काढायच्या आधी तिने खुर्ची भिंतीपासून ओढली आणि स्टूल पलीकडे नेऊन ठेवलं. नवरा येऊन बसला. तिने उजव्या गुडघ्याला मलम लावलं, सावकाश.

"इथेच दुखतं ना?"

"जरा खाली. हां, तिथे."

त्याने डोळे मिटले. ती चोळत राहिली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "डाव्यालाही थोडं लाव. त्याला सवय झालीय तुझी."