वहीत नसलेली चूल

नरसिंहरावांना कामचुकार म्हणणारा माणूस बेंगळुरात अजून जन्मायचा होता. त्यांचा घात केला तो त्यांच्या कष्टाळूपणानं, आता बोला!

यशवंतपूरच्या बाजूला एका सरकारी प्रयोगशाळेत ते मिस्त्री होते. घराणं तीनशे वर्षं इथलंच. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. एकसष्ट साली त्यांच्या शेडमध्ये एक नवं दुखणं येऊन पडलं. दूर उत्तरेकडच्या विहिरींमधलं कच्चं तेल, पत्र्याच्या सीलबंद डब्यांतून, रेल्वेनं. तेल कसलं, मेणच ते! जरा गारवा लागला की वनस्पती तुपासारखं थिजायचं. आणि हे शेकडो मैल पाइपातून न्यायचं होतं. पंप चालू असेतो ठीक. पण ऐन थंडीत पंप दोन-तीन दिवस बंद पडला, तर तेल पाइपातच गोठून बसायचं, आणि मग कितीही जोर लावा, हलायचं नाव नाही. किती गारठ्यापर्यंत ते पुन्हा हलवता येतं, हे शोधायचं काम रत्नाकर देवधर नावाच्या इंजिनीयरकडे होतं. त्याच्या आकड्यावरून वाटेत तेल तापवायची ठाणी किती बांधायची ते ठरणार होतं.

रत्नाकर पुण्याचा, जेमतेम तिशीचा. डोकं तल्लख आणि स्वभाव उतावळा. गौरी-गणपतीला, संक्रांतीला तो आणि त्याची बायको प्रतिमा नरसिंहरावांकडेच जेवायला. यजमानीण पद्मावतीबाईंच्या हातच्या हुळीवर, म्हणजे कानडी आमटीवर, तो भाताचे ढीग उपसायचा आणि वर म्हणायचा, "अण्णा, तुमच्यामुळं मी इथं टिकलो." नरसिंहरावांना मुलगा नव्हता. त्यांनी मनातल्या मनात ती जागा कधीच भरून टाकली होती.

प्रयोगाची रीत रत्नाकरनं समजावून दिली होती. डबा पंचेचाळीस अंशांपर्यंत कोमट करायचा, शेडमधल्या वेटोळ्या पाइपात ओतायचा, बाहेरून गार पाणी खेळवायचं, एक दिवस थांबायचं आणि मग पंप लावून बघायचं. सगळं वहीत लिहायचं. पण कोमट डब्यातलं तेल धड ओतलं जाईना. निम्मं तळाशी चिकटलेलं. खरवडता खरवडता बारा वाजायचे आणि रत्नाकरची नुसती चिडचिड.

नरसिंहरावांना ते बघवेना. ते पाचलाच शेडमध्ये येऊ लागले. मागच्या अंगाला विटांची चूल मांडली, हौदाएवढ्या घंगाळात पाणी खळखळ उकळवून डबे चांगले दोन तास त्यात बसवायचे. मग बाहेर काढून निवत ठेवायचे. साडेनवाला रत्नाकर थर्मामीटर घालायचा, तर बरोबर पंचेचाळीस! तेल कसं, पाण्यासारखं. "वा अण्णा, जादूच केलीत," तो म्हणाला. नरसिंहराव नुसते हसले. पाहुणा उठायच्या आधी बंब तापलेला हवा, आणि कोण कधी उठलं हे पाहुण्याला कळता कामा नये, असं त्यांच्या घरचं वळण. केलेलं बोलून दाखवणं म्हणजे हलकेपणा. वही साडेनवाला उघडायची, तेव्हा चुलीला वहीत जागाच नव्हती. त्यांना काय ठाऊक, हे तेल एकदा कडकडीत तापून निवलं की त्याची जातच बदलते, मग गारठ्यातही ते तितकं थिजत नाही!

आकडे सुरेख आले. सोळा अंशांतही तेल हललं. तापवायची ठाणी निम्म्यावर आली, अहवालावर रत्नाकरची सही झाली, पेढे वाटले.

चौसष्टच्या जानेवारीत तिकडं पंप तीन दिवस बंद पडला आणि अकरा मैल पाइप गच्च झाला. कापून काढावा लागला. चौकशी बसली. समितीनं नवे डबे मागवले, आपल्याच माणसांकडून कोमट करवले आणि पाइपात ओतले. बावीस अंशांतच तेल दगड. शेडच्या कोपऱ्यात उभ्या नरसिंहरावांची नजर मागच्या अंगाला गेली. चूल डोळ्यांसमोर आली. त्यांना शास्त्र कळत नव्हतं, पण फरक कुठं होता तेवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना एकट्याला आत बोलावलं. "प्रयोगाआधी तेलाला आणखी काही केलं जायचं का?" समितीच्या प्रमुखांनी विचारलं.

दोन वर्षांत पेन्शन. थोरल्या लेकीचं, विमलाचं, लग्न जूनमध्ये.

"नाही सर. वहीत आहे तेवढंच."

तीन शब्दांचं काम होतं हो! चूल पेटवत होतो, एवढंच सांगायचं होतं. बाहेर आल्यावर त्यांना वाटलं, परत जावं. दाराशी गेलेही. शिपायानं "काय हवं?" विचारलं, आणि ते "काही नाही" म्हणून माघारी फिरले.

रत्नाकरनं आकडे हवे तसे बसवले, असा ठपका आला. त्याला संशोधनातून काढून दूर कुठल्या तरी गोदामावर बदलून टाकलं. तीन महिने तो सगळ्यांना एकच विचारत होता, "माझं चुकलं कुठं?" नरसिंहराव मान खाली घालत. घरी पद्मावतीबाईंनी एकदा विचारलं, "अहो, तुम्ही जेवत का नाही?" त्यांनाही सांगितलं नाही.

मे महिन्यात गाडीवर पोचवायला मात्र ते गेले. प्रतिमा डब्यात सामान लावत होती. प्लॅटफॉर्मवर दोघंच. नरसिंहरावांनी खाली बघत सगळी चूल सांगून टाकली.

त्यांना वाटलं होतं, पोरगा अंगावर येईल. येऊ दे, चार शिव्या खाल्ल्या की बरं वाटेल. पण रत्नाकरचे डोळे लकाकले.

"उकळत्या पाण्यात? दोन तास?" त्यानं खिशातून पत्राचं पाकीट काढलं, त्याच्या पाठीमागं भराभरा लिहायला लागला. "अण्णा, ही चूक नाहीय! हेच तर उत्तर आहे. सुरुवातीला एकदाच कडक तापवायचं, मग वाटेत ठाणी हवीत कशाला? निवायला किती वेळ लागायचा?"

"स्वल्प... दीड तास असेल. बघितलं नाही कधी."

"बघायला हवं होतं! मला सांगायला तरी हवं होतं, अण्णा. ही पाइपलाइन..." तो थांबला, हसला. "जाऊ दे. तुम्हाला तरी काय कल्पना! समितीनं तुम्हाला नुसतं विचारलं असतं ना, तरी तुम्ही सांगितलं असतंत. विचारलंच नसणार त्यांनी."

किती सोपं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण नरसिंहरावांना आता तेही जमेना.

"विचारलं होतं," ते म्हणाले. "मी नाही म्हणून सांगितलं."

पेन्सिल थांबली. शिट्टी झाली. रत्नाकरनं पाकीट घडी घालून खिशात टाकलं. डब्यातून प्रतिमानं हाक मारली, "अहो, चढा ना! आणि अण्णांच्या पाया पडलात की नाही?"

तो तसाच चढला. गाडी हलली, आणि प्रतिमा एकटीच खिडकीतून हात हलवत राहिली.