डब्यात राहिलेली चिठ्ठी

दोन वर्षांपूर्वी उत्रोलीच्या शाळेत आम्ही एका डब्यात साठ चिठ्ठ्या टाकल्या. आसपासच्या गावांतली साठ घरं, प्रत्येक घरात शाळा बुडवणारं एक मूल. आमच्या संस्थेच्या कार्यकर्त्या तीसच घरी जाऊ शकणार होत्या, ज्यांच्या चिठ्ठ्या निघतील त्यांच्या. दर आठवड्याला आईबाप आणि मूल यांना एकत्र बसवून बोलायला. उरलेल्या तीस घरी मी फक्त प्रश्न विचारायला जायचे, सुरुवातीला एकदा आणि मग दर सहा महिन्यांनी. भेटींमुळे मुलं गुन्ह्यांपासून लांब राहतात का, हे तुलनेशिवाय कळत नाही.

चिठ्ठी पोरानं काढायची, अशी गावची रीत. मी पुढच्या बाकावरच्या गोरखला बोलावलं. त्याने तीस चिठ्ठ्या काढल्या. त्याच्या घराची डब्यातच राहिली.

काल त्यांच्याकडे शेवटची फेरी होती. ओट्यावर त्याची आजी, साळूबाई, तांदूळ पाखडत होत्या.

"आल्या बगा इचारनाऱ्या बाई! देनाऱ्या शेजारी जात्यात."

"आत्या, गप ऱ्हावा की," म्हणत गोरखच्या आईने, सुलक्षणाबाईंनी, चटई टाकली. "म्याडम, मागल्या टायमाला म्या सांगितलं व्हतं, पोरगं कापूरहोळला नको त्या पोरांत बसतंय. तुमी लिवून घेतलं."

"हो."

"मंग?"

मी कार्यालयाला कळवलं होतं. एका घराला सूट दिली तर तुलना मोडेल, असं उत्तर आलं. तो नियम मीच लिहिलेला होता.

गेल्या महिन्यात गोरखने दोघांबरोबर विहिरीवरच्या मोटारीची केबल कापली, तांब्यासाठी. पोलिसांनी पकडलं; आता तो पुण्याच्या मुलांच्या निरीक्षणगृहात आहे.

"आता तरी बाई पाठवा."

"कार्यक्रम या महिन्यात संपतोय, सुलक्षणाबाई."

"म्या समदं खरं सांगत गेले," त्या म्हणाल्या. "वाटलं, खरं सांगितलं की येत्याल."

चौदावा प्रश्न : मुलाचा पोलिसांशी संबंध आला का? मी 'होय'वर खूण केली. भेटी मिळालेल्या तीस घरांत अशा खुणा दोन होत्या. उरलेल्या तिसांत ही नववी. आठपर्यंत फरक योगायोगाचा म्हणता आला असता. आता कार्यक्रम उपयोगी आहे, असं मला लिहिता येणार होतं.

"ह्याचा कुनाला उपेग व्हईल का?" सुलक्षणाबाई कागदाकडे बघत म्हणाल्या.

"होईल. पुढच्या वर्षी, वेल्हे तालुक्यातल्या मुलांना."

सुपाचा आवाज थांबला. मी कागद पुढे केला. सही कुठं करायची, ते सुलक्षणाबाईंनी विचारलं नाही. ही पाचवी वेळ होती.