रेडिएटरमधली हळद

गोपीनाथ दाबक्यांची जुनी गाडी तापायला लागली आणि दोष बिनबोभाट मंदाकिनीबाईंच्या नावावर चढला. पन्नाशीला टेकल्यावर जयपुरात गाडी शिकलेली बाई. तिच्या नावावर काहीही खपतं. "तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस," असं निदान करून गोपीनाथरावांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. विमा कंपनीतले अधिकारी ते. दावे फेटाळायची सवय अंगात मुरलेली. वर मराठी मंडळात, तिथले जुने सभासद शामराव यांच्या देखत, सांगून आले की आमच्या हिच्या हाती गाडी दिली की बॉनेटवर चहा होतो. मंडळ हसलं. मंदाकिनीबाईही हसल्या, आणि पुढे त्यांना स्वतःच्या त्या हसण्याचाच जास्त राग आला. मालवीय नगरात शिकवणी घ्यायला प्रताप नगरच्या घरून आता सिटी बसनं जायचं, तेही भर मे महिन्यात.

एका रविवारी नवरा आंघोळीला गेल्यावर त्यांनी किल्ली काढून बॉनेट उघडलं. रात्रभर उभी असलेली गाडी गार होती. रेडिएटरचं झाकण फिरवून आत बोट घातलं. बोट पिवळं झालं. हुंगून पाहिलं. रोज फोडणीत पडणारी वस्तू ओळखायला मेकॅनिक कशाला लागतो?

टॉवेल गुंडाळून आलेल्या नवऱ्यापुढे त्यांनी ते बोट धरलं. "अहो, ही हळद कुणी घातली?"

गोपीनाथरावांनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग हळूहळू सगळं बाहेर निघालं. होळीच्या सुमारास आग्रा रस्त्यावर बस्सी गावाजवळ रेडिएटर गळायला लागला होता. ढाब्यावरच्या भैयानं चिमूटभर हळद टाका म्हटलं. यांनी खात्रीसाठी अख्खा पुडा ओतला. गळती थांबली. हळद फुगून आतल्या बारीक नळ्याही बुजल्या, पण तो तपशील त्यांच्या हिशेबात नव्हता.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हळदीचं माहीत होतं. तापण्याशी तिचा संबंध असेल, असं वाटलं नाही."

"वाटलं नाही, की वाटून घेतलं नाही?"

त्यावर ते कपडे घालायला आत गेले.

मंदाकिनीबाईंनी रेडिएटरची खालची तोटी सोडली. पिवळा गाळ अंगणभर झाला. बागेची नळी लावून, पाणी स्वच्छ येईपर्यंत त्या धूत राहिल्या. हळद गेली तशी जुनी गळती परत सुरू झाली. मग वाटेत थांबून पाणी भरत त्यांनी स्वतःच गाडी सांगानेरच्या गॅरेजात नेली आणि रेडिएटरची गळकी जागा डाग देऊन झाळून आणली.

परत आल्यावर गोपीनाथरावांनी हात पुढे केला. मी जरा चालवून बघतो, म्हणाले.

"डावीकडे बसा. शामरावांकडे जायचंय."

"कशाला?"

"गाडी दुरुस्त झाली. तुम्ही मंडळात जे सांगितलंत ते राहिलंय."

शामरावांच्या फाटकाशी त्यांनी इंजिन चालूच ठेवलं. भर उन्हात उभ्या गाडीची खरी परीक्षा तीच. गोपीनाथराव उतरले. आधी शामरावांच्या गुडघ्याची चौकशी झाली, मग पाणीटंचाईची. मधूनमधून ते मागे वळून बॉनेटकडे आशेनं बघत होते. वाफ येत नव्हती. तापमानाची सुई मध्यावर उभी होती आणि मंदाकिनीबाईंना कसलीच घाई नव्हती.

शेवटी गोपीनाथरावांनी घसा खाकरला आणि बोलता बोलता ते बस्सीच्या ढाब्यापाशी, त्या हळदीच्या पुड्यापाशी आले.