रूपाची तयारी

कोपऱ्यावरच्या भामाचा प्रितम तिशीला आला, तरी त्याला घास भरवावा लागतो. त्याला सरकारच्या निराधार योजनेचा महिन्याचा पगार सुरू झाला आणि समोरच्या घरात वेणूच्या पोटात दुखायला लागलं.

तिची रूपा सव्वीस वर्षांची. अंगाने बाई, समजेने पाच वर्षांचं लेकरू. पण दाखल्यावर प्रितम पंच्याहत्तर टक्के अपंग आणि रूपा पस्तीसच. सरकारला निदान चाळीस लागतात.

“भामीनं कुनाचे तरी हात ओले केले आसतील,” वेणू नळावर म्हणाली. भामा मागेच उभी होती.

“हात नाय ओले केले, वेणे. पोराची लाळ पुसत गेले. तू पोरीला पावडर लावून नेलीस, जसं काय पावनं बघाया आलेत!”

बायका हसल्या. वेणूला झोंबलं, कारण खरंच तसं झालं होतं. तपासणीआधी महिनाभर तिने रूपाकडून घोटवून घेतलं होतं: नाव सांग, गाव सांग, दहापर्यंत मोज. नवा ड्रेस, वेणीत अबोली. पोरीने आईची लाज राखली आणि पगार हुकला.

आता फेरतपासणी होती. वेणू साठीची. आपल्यामागे रूपा भावजयीच्या दारात जाणार. हक्काचे पैसे असले तर निदान ताटावरून कोणी उठवणार नाही.

डॉक्टरीणबाईंसमोर बसताच रूपाने न विचारता दहापर्यंत मोजलं आणि टाळीची वाट बघत राहिली.

“छान!” बाईंनी काहीतरी लिहिलं.

वेणूला भामाचा हेवा वाटला. आज पगाराचा नाही. ती चारचौघांत सांगते, माझ्या पोराला काय येत नाय, आणि लगेच त्याचा मुका घेते. आपली जीभच उचलत नाही.

“बाई,” ती शेवटी म्हणाली, “ह्ये पाठ करून घेतलंय मी. दोन बिस्किटं आन म्हनलं तर पुडा आनते. न्हानीत एकटी सोडता येत नाय.”

“मावशी, मागच्या वेळी का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली.”

रूपाने पदर ओढला. “आई, चुकलं?”

“नाय गं बाय. तुजं बरोबर हाय.”

बाईंनी लिहिलेलं खोडलं, खुर्ची पुढे ओढली. “आता सांगा. सकाळी उठल्यापासून.”

वेणूने रूपाचा हात मांडीवर घेतला आणि दात घासण्यापासून सुरुवात केली.